नर्सबाईचं पांढरं पातळ

सरकारी नर्सबाईनं कामावर पांढरंच नेसावं, हा नियम ज्यानं केला त्याची बायको नक्कीच ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यात बाळंत झाली नसावी. मी तो नियम ऐंशीच्या दशकात एकदा डोळ्यांनी पाहिला आहे.

ब्रह्मपुरीकडच्या एका नदीकाठच्या गावात मी मोर्चाची पत्रकं वाटत होतो. एका ढिवराच्या दारात नर्सबाई उभी, आणि वाट अडवून सासू. आत सून कण्हत होती. सासूचं म्हणणं, पांढरं म्हणजे रांडवेचं नेसणं, ते बाळंतिणीच्या खोलीत चालत नाही. नर्सबाई बौद्ध, नुकतंच लग्न झालेली.

“माय, आमच्यात नवरीच पांढरं नेसते.”

“तुमच्यात नेसा ना बाई. माह्या सुनेपाशी काऊन?”

वाद घालत बसायची ती वेळ नव्हती. तिनं सासूचंच एक हिरवं लुगडं मागून घेतलं, गोठ्यात जाऊन नेसली आणि आत गेली. पोरगी झाली. सासूनं मलाही गुळाचा खडा दिला.

तेवढ्यात जीप आली. तिच्या दवाखान्याचे डॉक्टर उतरले. तपकिरी सफारी, डोळ्यांवर गॉगल. त्यांच्या स्वतःच्या अंगावर एप्रन मी कधी पाहिला नाही. मागून जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर येत होते आणि त्यांना युनिफॉर्ममधली नर्स दाखवायची होती. हाक मारली तशी ती बाहेर आली, कोपरापर्यंत रक्तानं भरलेली. डॉक्टर ड्रायव्हरला म्हणाले, बाई हळदीकुंकवाला आल्या वाटतं. ड्रायव्हर हसला.

“सर, वार पडली नाई अजून. रक्त लय जाऊन राह्यलं.”

“पहिले कपडे. टेम्पररी आहेस ना तू?”

मी मध्ये पडलो. मग तुम्ही आत जा, म्हटलं. ते म्हणाले, नेताजी, तुम्ही पत्रकं वाटा, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला घेतात का हे लोक? गावाचा रिवाज त्यांना बरोबर ठाऊक होता. सोयीचा होता तेवढा.

ती गोठ्यात गेली आणि पांढरं नेसून आली. सासूनं दार लावून घेतलं. नर्सबाई फटीला तोंड लावून सांगत राहिली, पोट चोळा, नाळ ओढू नका, पोरीला छातीशी लावा. लुगडं पुन्हा नेसू द्या म्हणून तिनं डॉक्टरांपुढे हात जोडले. त्यांनी तिला रस्त्याच्या कडेला उभं केलं. गाडी जाऊ दे, मग काय नेसायचं ते नेस.

साहेबांची गाडी आली. थांबली नाही, काचसुद्धा खाली झाली नाही. डॉक्टरांनी धुरळ्याला नमस्कार केला आणि जीपमध्ये बसले. बाळंतिणीला दवाखान्यात न्या, म्हणून मी जीपच्या पत्र्यावर बुक्क्या मारल्या. ते साहेबांच्या मागे गेले.

नर्सबाई पळत घराकडे आली. दार आता सताड उघडं होतं आणि सासू भिंतीला डोकं टेकून बसली होती. बाई उंबऱ्याबाहेरच थबकली. सासूनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“ये आता,” ती म्हणाली. “आता चालते हे नेसणं.”

बाई आत गेली. पोरगी अजून आईच्या अंगावरच होती.