भर दुपारचा खेळ

कोणी वाचलंच तर आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे, चौथीनंतर शाळा सुटली, शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. पण सरांबद्दल दुसरं कोण लिहिणार?

अमळनेरच्या स्टँडवर तुम्ही त्यांना पाहिलं असेल. दोन्ही हात पोटाशी, हातात काही नाही, आणि अंगठे मात्र चालू. पोरं हसायची. शिरपूरची कॉम्प्युटर शिकवायची नोकरी सोडून सर गेम बनवायला बसले होते. आमच्या समोरच्या माडीवर एकटेच राहायचे. मी त्यांना डबा द्यायचे. रिकामा डबा ते स्वतः घासून उंबऱ्यावर पालथा ठेवायचे.

त्यांच्या गेमचे दोन भाग कॉम्प्युटरसाठी झाले होते. एक माणूस तिन्हीसांजेला गावी परततो आणि गावात कोणीच नसतं. ते फारसे विकले गेले नाहीत. तिसरा भाग हातात धरून खेळायच्या यंत्रावरच आणायचा, असा सरांचा हट्ट.

त्यांचा जळगावचा मोबाईलवाला मित्र म्हणाला, "सर, मोबाईलवर लोक फुकट खेळतात. वेगळं डबडं घेऊन त्यावर तुमचा गेम कोण विकत घेईल?"

"लाईट गयी तरी चालस," सर म्हणाले. हे त्यांचं नेहमीचंच.

"मोबाईल नाही चालत?"

"चालस ना! गावमा कोनी नही, आनि मधमाच सासराना फोन! मंग भ्याव कसं वाटी?"

भीतीच्या गेममध्ये सासऱ्याचा फोन! मी जिन्यात तोंडाला पदर लावून हसले.

गेम त्या यंत्रावर बसवायला पैसे लागत होते. माझी भिशी लागली होती, फ्रिजसाठी ठेवलेली. तोंडाने बोलणं मला जमत नाही. मी नोटांची घडी डब्याखाली ठेवून आले.

उन्हाळ्यात गेम तयार झाला. सर खिडक्या लावून, अंधारात बसून काम करायचे. यंत्र माझ्या हातात दिलं तेव्हा मी ओट्यावर उन्हात होते.

"काय दिसस, अक्का?"

"माझंच तोंड."

त्यांनी यंत्र घेतलं, उन्हात धरलं. गेममधल्या काळोख्या तिन्हीसांजेत काही दिसेना, काचेवर त्यांचाच चेहरा होता. त्यांचे अंगठे थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले.

चार दिवस डबा तसाच परत आला. पाचव्या दिवशी दार उघडलं ते हसतच. "रात कसाले पाह्यजे, अक्का? आपली दुपार काय कमी शे?"

त्यांनी सगळा गेम दुपारी नेला. पांढरी गल्ली, बंद दारं, सावली नाही, माणूस नाही. फक्त एक बाई डबा घेऊन जिना चढते आणि दार वाजवते. ऊन असूनही माझ्या अंगावर काटा आला.

"सर, दार कोणी उघडत का नाही?"

"उघडी, आपोआप उघडी. पन बटन दाबानं नही. थांबानं."

गेम त्यांनी यंत्राच्या कंपनीकडे पाठवला. मग एका दुपारी मी डबा घेऊन गेले आणि दार उघडलं नाही. मी थांबले. बराच वेळ थांबले. शेवटी लोकांनी कडी तोडली.

अजूनही दुपारी तो जिना चढणारी कोणाची तरी पावलं मला ऐकू येतात. त्या माडीवर कोणी राहत नाही.

परवा भर उन्हात माझं दार वाजलं. पारोळ्याहून सरांची बहीण आली होती.

"अक्का, भाऊचा गेम चालला. फार नाही, पण चालला. लोक प्रवासात खेळतात म्हणे." तिने पाकीट पुढे केलं. "भाऊने सांगून ठेवलं होतं, पहिले पैसे अक्काचे. पूर्ण आहेत, बघा."

ते यंत्रही तिने मला दिलं. ती गेल्यावर मी ते सुरू केलं. बाई जिना चढली, तिने दार वाजवलं. मी बटण दाबलं नाही. थांबले.

दार उघडलं. आत कोणी नव्हतं. उंबऱ्यावर घासलेला डबा पालथा होता. बाईने तो उचलला.

खाली नोटांची घडी होती.