एकोणतीस आली की बंद

आमच्या खात्यात किस्से फार साचतात. खातं म्हणजे लूमचा कारखाना, सुरतेत सगळे तसंच म्हणतात. मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे बारा तास जे पोटात राहतं ते पाळी सुटल्यावर चहाच्या गाडीवर बाहेर पडतं. मी सांगतोय ते सगळे किस्से एकाच तारखेचे आहेत. हसू आलं तर हसा. मला येत नाही.

* * *

माझा दादा कैलास उधन्याच्या याच खात्यात लूम चालवायचा. त्याच्या मशीनला करंट उतरतो, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्यावर देखरेख करणारा मास्तर म्हणायचा, "चप्पल घालून काम कर, काही होत नाही." २०२४ सालच्या २९ फेब्रुवारीला भर दुपारी दादा गेला. पायात चप्पल होती.

तो पडला तेव्हा त्याचं मशीन बंद केलं. बाकीची सगळी चालू. मी त्याच शेडमध्ये पलीकडच्या रांगेत होतो. त्या खडखडाटात मला कुणाची हाकसुद्धा ऐकू आली नाही.

तेराव्याला शेठ घरी आला. आई काहीच मागत नव्हती. मीच म्हणालो, "शेठ, त्याच्यासाठी वर्षातून एकदा सगळी मशीनं थांबली पाहिजेत."

शेठने दादाच्या फोटोला हात जोडले आणि चार माणसांत शब्द दिला. "दर वर्षी या तारखेला खातं बंद. मारी जबान छे."

* * *

पुढच्या वर्षी २८ फेब्रुवारीला मी ऑफिसात गेलो. "शेठ, बंदचं काय?"

शेठने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "आज अठ्ठावीस. एकोणतीसला बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो.

"आज तो पहेली मार्च छे, भाई. एकोणतीस आलीच नाही. मी काय करू?"

मास्तर खो खो हसला. मी टेबलावरचा पाण्याचा जग उचलून भिंतीवर मारला. मला तीन दिवस घरी बसवलं. ते तीन दिवस मात्र शेठने बरोबर मोजले.

* * *

घरी बसलो होतो तेव्हा समाधान आला. तो माझ्या शेजारची मशीनं चालवतो. मी सातवीत शाळा सोडलेली, त्याला विचारलं, "तारीख जाते कुठे रे?"

त्याने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघितला होता. म्हणाला, "पृथ्वी सूर्याला एक फेरी मारते ते वर्ष. त्याला तीनशे पासष्ट दिवस लागतात, आणि वर सहा तास."

"सहा तास म्हणजे अर्धी पाळी."

"हां. दर वर्षी पृथ्वी अर्धी पाळी जास्त करते. चार वर्षांचं साचलं की पूर्ण दिवस होतो, तो फेब्रुवारीला जोडतात. नाही जोडला तर कॅलेंडर पुढे पळतं आणि ऋतू मागे राहतात. सातशे वर्षांनी चौदा जानेवारीला पतंग पावसात उडवावे लागतील."

"म्हणजे तिला ओव्हरटाइम मिळतो."

"चार वर्षांनी का होईना, मिळतो," समाधान म्हणाला. "आपल्यापेक्षा तिचा शेठ बरा."

* * *

पण ते पुरते सहा तासही नसतात. अकरा मिनिटं कमी भरतात, हे समाधानने नंतर चहाच्या गाडीवर सांगितलं. म्हणून शतक संपतं त्या वर्षाला चारशेने भाग गेला नाही, तर तो जादा दिवस देतच नाहीत. एकवीसशे साली २९ फेब्रुवारी नाही.

मास्तर मागे उभा राहून ऐकत होता. दहा मिनिटं उशीर झाला की हाच आमची अर्धी पाळी कापतो. म्हणाला, "बघा, अकरा मिनिटांसाठी वरसुद्धा कापतात."

"हो मास्तर," समाधान म्हणाला, "पण ते शंभर वर्षं थांबतात."

* * *

आईला यातलं काही नको असतं. ती घरात अहिराणीच बोलते. "तारीखले काय धरी बठना? तिथी देख."

दादाची तिथी माघ वद्य पंचमी. ती दर वर्षी येते. दहा-अकरा दिवस मागे सरकते, आणि फार सरकायला लागली की पंचांगवाले अधिक महिना घालून तिला जागेवर आणतात. चंद्राचं वर्ष लहान पडतं म्हणून त्यालासुद्धा कुणीतरी सांभाळून घेतं.

मी शेठला म्हणालो, "तिथीने बंद ठेवा. ती चुकत नाही."

"तिथी-बिथी धंद्यात नाही चालत. तारीख बोल."

दिवाळीनंतर आमचं खातं उघडतं ते लाभपाचमला. तारीख कुठलीही असो. त्या दिवशी शेठ नवे कपडे घालून एकेका मशीनला कुंकू लावतो. दादाच्या मशीनलाही लावलं. मी तिथेच विचारलं, "शेठ, लाभपाचम ही तारीख आहे की तिथी?"

शेठ म्हणाला, "ए धर्म छे."

* * *

या वर्षी २८ फेब्रुवारीला मी परत ऑफिसात गेलो. डोकं आधीच तापलेलं. "शेठ, यंदा कुठे आहे एकोणतीस?"

"अठ्ठावीस आणि एकच्या मधे," शेठ म्हणाला. "सापडली तर ठेव बंद."

ऑफिसातले सगळे हसले. मास्तर नाही हसला.

माझी रात्रपाळी होती. बारा वाजले आणि मी माझी मशीनं थांबवली. मारामारीच्या तयारीनेच मास्तरकडे बघितलं. तो बाजूला सरकला. मग समाधानने थांबवली. मग पलीकडची रांग. दादाच्या मशीनवर आता नवा माणूस आहे. तो घाबरून उभाच राहिला, तेव्हा मास्तरने पुढे होऊन ते मशीन आपल्या हाताने बंद केलं.

त्या शेडमधला पंखा कुरकुरतो, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

शेठला घरी बसून मोबाइलवर कॅमेरा दिसतो. लगेच फोन आला. मास्तरने स्पीकर चालू केला.

"लाइट गेली?"

"नाही शेठ," मास्तर म्हणाला.

"तो मशीन केम बंद छे?"

"एकोणतीस आहे."

"गांडा थया छो बधा? वेडे झालात? चालू कधी करणार?"

मास्तरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"संपली की लावतो, शेठ."