पासपोर्ट, टाचणवही आणि सुके बोंबील

माझा पासपोर्ट मी माझ्याच हाताने दिला. कोणी हिसकावला नाही, कोणी दम दिला नाही. परदेशातल्या त्या शाळेच्या संचालकांनी पहिल्या दिवशी चहा दिला, नोंदणीसाठी कागद मागितले, आणि मी पासपोर्ट, पदवी, बी.एड. असं सगळं मूळ बाड त्यांच्या टेबलावर ठेवून वर थँक्यू म्हटलं. एवढी मी शहाणी, इंग्रजीची शिक्षिका!

शिकलेली बाई अशी कशी फसली, असं लोक विचारतात. मी फसले ती सवयीने. चिपळूणच्या ज्या खासगी शाळेत मी नऊ वर्षं शिकवलं, तिथे नोकरीला लागतानाच मूळ प्रमाणपत्रं संस्थेच्या कपाटात जमा करावी लागत. शिक्षक दुसरीकडे पळू नये, एवढंच त्यामागचं कारण. पण त्यात काही गैर आहे असं आम्हाला वाटेनासंच झालं होतं. घरी केळशीला बाबा. त्यांनी अख्खी नोकरी मालवाहू जहाजांवर काढली. जहाजावर चढलं की पासपोर्ट कप्तानाकडे द्यायचा आणि उतरताना परत घ्यायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, तिथे कागद मागितले तर काय करू?

"देऊन टाक गो बाय," ते म्हणाले. "साहेबाकडं असले म्हंजे हरवत नाय."

त्या देशाचं नाव मी सांगत नाही. तिथे माणसं खूप चांगली भेटली आणि शाळा एक वाईट भेटली, पण नाव घेतलं की लोक अख्ख्या देशाला नावं ठेवतात. करारात लिहिलं होतं आठवड्याला वीस तास आणि एक शाखा. प्रत्यक्षात तीन शाखा आणि चौतीस तास. एका शाखेतून दुसरीकडे कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून जायचं, पोचल्यावर केस नीट करायलाही वेळ नाही. राहायची खोली शाळेच्याच वर. ती सोय म्हणून दिली असं मला आधी वाटलं. नंतर कळलं, कोणी शिक्षक आला नाही की "बाई वरच आहेत" म्हणून मला खाली बोलवायची ती सोय होती. अंगात ताप असताना मी पहिलीच्या मुलांपुढे उभी राहून हत्ती आणि बेडूक झाले आहे.

रविवारी मॉलमध्ये शाळेची पत्रकं वाटायची. वाटताना पालकांना सांगायचं, मी लंडनमध्ये वाढले. हे मात्र मी एकदाही सांगितलं नाही. कोणी विचारलं की मी सरळ सांगायची, आमचं गाव समुद्रावर आहे, आमच्याकडे मासे वाळत घालतात. तिथल्या अनेक पालकांची गावंही तशीच, त्यामुळे गप्पा रंगायच्या आणि पत्रकं माझ्याच हातची जास्त खपायची. संचालक चिडायचे, पण बोलणार काय?

मुलांवर माझा जीव जडला होता, हे कबूल केलं पाहिजे. आठव्या महिन्यात मुलांची वक्तृत्व स्पर्धा झाली. माझ्या वर्गातली सात वर्षांची एक मुलगी माइकसमोर उभी राहिली आणि आपल्या आजोबांच्या होडीबद्दल न अडखळता इंग्रजीत बोलली. परीक्षक म्हणून आलेल्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, आमच्याकडे या. ठरलेले तास, वेगळं घर, आजारपणाची रजा. महिनाअखेरपर्यंत पासपोर्ट आणि प्रमाणपत्रं घेऊन या, म्हणजे पुढचं आम्ही करू.

मी संचालकांकडे गेले. त्यांनी पुन्हा चहा दिला. "दोन वर्षं पूर्ण झाली की सगळे कागद मिळतील," ते हसून म्हणाले.

म्हणजे अजून सोळा महिने. माझ्यापुढे दोनच वाटा राहिल्या. कागद हातात आले तर ती शाळा माझी होती. नाही आले तर तीच स्कूटर आणि तीच खोली. पासपोर्टशिवाय केळशीला परत यायचीसुद्धा चोरी. मला रडू आलं नाही, राग आला. सगळ्यात जास्त राग त्या थँक्यूचा आला.

बाबांना फोन करून सगळं सांगितलं. 

"माझाच चुकला बाय," ते म्हणाले. "कप्तान उतरताना परत देतो. हा कप्तान नव्हं."

मुख्याध्यापिकांनी मला समजावलं, मालकाने परक्या माणसाचा पासपोर्ट अडवून ठेवणं इथे कायद्याने गुन्हा आहे. कामगार खात्यात जा, पण करार घेऊन जा. आणि करार माझ्याकडे नव्हता! माझी प्रत "मागाहून पाठवतो" म्हणून, ही नोकरी लावून देणाऱ्या चिपळूणच्या एजंटने ठेवून घेतली होती. माझ्याकडे फक्त शेवटच्या पानाचा फोटो होता, त्यावर माझी सुरेख सही.

दुसऱ्या दिवशी बाबा पहाटेच्या एसटीने निघाले, दापोलीला गाडी बदलली आणि ऑफिस उघडायच्या आधी एजंटच्या दारात जाऊन उभे राहिले. एजंट म्हणाला, "काका, तुम्ही घरी जा, मी मेल करतो."

"करा की," बाबा म्हणाले. "मी बसतो."

आणि ते बसले. त्यांनी आवाज चढवला नाही की कोणाला वेडंवाकडं बोलले नाहीत. जहाजावर तासन् तास पहारा केलेला माणूस, बसण्यात त्यांना कोण हरवणार? एसीची खोली, दारं बंद, परदेशी जायला आलेली पोरं कडक इस्त्रीच्या शर्टात रांगेने बसलेली. एक वाजता बाबांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि भाजलेले सुके बोंबील. त्यात काही डाव नव्हता, असं ते आजही शपथेवर सांगतात. जेवायची वेळ झाली म्हणून ते जेवले. पण पाच मिनिटांत दोन पोरं बाहेर जाऊन उभी राहिली, तिसऱ्याने नाकाला रुमाल लावला, आणि बाबांनी एजंटलाच विचारलं, "घेता का थोडं?" दीडच्या आत कराराची पानं झेरॉक्स होऊन त्यांच्या हातात पडली. स्टँडवर उभं राहून त्यांनी एकेका पानाचा फोटो काढला आणि मला पाठवला. पहिल्या दोन फोटोंत त्यांचा अंगठाच होता, पण तासांचं पान स्पष्ट आलं होतं.

आता वीस तास ठरले होते हे दाखवता येत होतं. चौतीस घेतले हे कसं दाखवायचं? कागद जुळवायला बसले तेव्हा हाताशी टाचणवही होती. आपल्याकडे शिक्षकाने रोजच्या तासांचं टाचण लिहायचं आणि वरिष्ठांची सही घ्यायची, हा नियम. कित्येकांना तो जाच वाटतो, मलाही वाटायचा. पण नऊ वर्षांची खोड, ती तिथेही सुटली नव्हती. रोज तारीख, वेळ, शाखा, धडा. आणि रोज मी ती वही तिथल्या पर्यवेक्षिकेपुढे धरायची. ती तरुण मुलगी आधी हसली, मग सही करू लागली. पुढे तर तिला शिक्के मारायची अशी गोडी लागली की ज्या शाखेत तास, तिथला शिक्का ती शोधून आणून मारायची. आठ महिन्यांचं एकही पान कोरं नव्हतं.

कामगार खात्यातल्या बाई वयस्कर होत्या, इंग्रजी सावकाश वाचायच्या. त्यांनी कराराचा फोटो पाहिला, मग वही उघडली. वीस मिनिटं त्या पानं उलटत राहिल्या. मधेच एकदा त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वही दाखवली आणि दोघं माझ्याकडे बघून हसले. मग त्यांनी फोन उचलला. भाषा मला कळली नाही, आवाजातली जरब कळली.

तासाभरात संचालक स्वतः आले. घामाघूम. त्यांनी लिफाफा बाईंच्या हातात द्यायला पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही, माझ्याकडे बोट दाखवलं. संचालकांनी तो दोन्ही हातांनी मला दिला. मी तिथेच उघडून सगळे कागद मोजून घेतले, पदवी, बी.एड., पासपोर्ट, आणि या खेपेला थँक्यू म्हटलं ते फक्त त्या बाईंना. इतक्या ताठ मानेने मी आयुष्यात कुठल्याही कचेरीतून बाहेर पडले नव्हते.

पायऱ्यांवर बसून बाबांना फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"बाबा, मिळाला."

"कोणाच्या हातात हाय?"

"माझ्या."

"मग आता कोणाला देऊ नको," ते म्हणाले. "मी सांगितला, तरी नको."