मल्लम्मानं बंद केलेल्या खिडक्या

निर्णा गावात कुणाची लेक बाळंत होऊन घरी आली की आधी मल्लम्माला बोलावणं जायचं, पेढे नंतर. नर्सनं, आशाताईनं काय सांगायचं ते सांगावं; बाज कुठं टाकायची, शेगडी किती वेळ ठेवायची, बाळंतिणीला पाणी किती द्यायचं, हे मल्लम्मा ठरवणार. बाई अंगानं काडी, पण आवाज असा की सुनेच्या हातातला तांब्या जागच्या जागी थांबावा. 'मल्लम्मा-अक्का बघून गेल्या' एवढं ऐकलं की घरातल्या थोरल्यांचा जीव भांड्यात पडे. बाळंतिणीचा कुठं पडे, हे कुणी विचारत नव्हतं.

यंदा बसवजयंती झाली आणि चार दिवसांनी तिची स्वतःचीच लेक, सुधारानी, बाळाला घेऊन दवाखान्यातून माहेरी आली. सुधारानी सरकारी बसवर कंडक्टर. कलबुर्गी-अफजलपूर गाडीवर सहा उन्हाळे काढलेली पोरगी. ओला टॉवेल मानेवर टाकायचा, तो वाळला की पुढच्या स्टँडवर परत भिजवायचा, पिशवीत ताकाची बाटली ठेवायची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. अशा पोरीला आईनं आतल्या खोलीत घातलं. खोलीला एकच खिडकी, तिच्या फळ्यांना खिळे मारून फटीत गोणपाट कोंबलेलं. दाराला गोधडी. बाजेखाली दोन्ही वेळा निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी. कानाला फडकं, पायात मोजे. छताला पंखा होता, पण त्याच्या बटणावर मल्लम्मानं चिकटपट्टी लावून टाकली होती. पाणी दिवसाला दोन तांबे, तेही उकळलेलं. जास्त प्यायलं तर पोट सुटतं म्हणे.

बाहेर पारा त्रेचाळीसच्या वर. कचेऱ्या सकाळी आठला उघडून दुपारी दीडला कुलूप लावत होत्या. अकरानंतर गल्लीत कुत्रं दिसत नव्हतं. मल्लम्माचा नवरा चनमल्लप्पा उजाडता रानात जाऊन आठच्या आत परत यायचा, ज्वारीची अंबील पिऊन, ओलं धोतर अंगावर घेऊन लिंबाखाली आडवा व्हायचा. म्हशीवरसुद्धा दोन वेळा पाणी मारलं जात होतं. साऱ्या गावाला वैशाख चालू होता आणि त्या एका खोलीत मल्लम्मानं पौष बसवला होता.

"अव्वा, जीव चाललाय माझा. खिडकी तरी उघड की."

"चाळीस दिवसांत कुणाचा जीव जात न्हाई. आम्ही न्हाई का काढलं?"

"म्हशीवर दोन वेळा पाणी मारायलीस, अन् मला प्यायला देईनास."

"म्हैस बाळंत न्हाई."

उत्तर तयारच असायचं. सुधारानी भिंतीकडं तोंड करून पडायची. भिंतही तापलेली असायची.

आता, मल्लम्मा दुष्ट होती असं कुणी समजू नये. लेकीवर तिचा जीव होता, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. सुधारानीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. असाच वैशाख, हीच खोली. सासूनं सगळं रीतीनं केलेलं. अकराव्या दिवशी, भर दुपारी, एकवीस वर्षांच्या मल्लम्माला सोसवेना. सासूचा डोळा लागलेला बघून तिनं खिडकी उघडली. घटकाभर वारं आलं. गरमच होतं ते, पण तसं सुख तिला नंतर जन्मात मिळालं नाही. संध्याकाळी पोराचं अंग तापलं. दुसऱ्या दिवशी ते गेलं. सासू रडली नाही, एवढंच म्हणाली, "खिडकी कुणी उघडली व्हती?"

मल्लम्मा तेव्हा गप्प राहिली. पण गेली चौतीस वर्षं ती त्या प्रश्नाचं उत्तर देत होती, गावातली एकेक खिडकी बंद करून. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी बाळ अंगावर घेतलं तरी पिईना. आदल्या सांजेपासून दुपटं कोरडंच होतं. ओठ सुकलेले, रडण्यात जोर नाही. मल्लम्मानं त्याच्या पाठीला तळहात लावला. अंग तापलं होतं. मग जे येत होतं तेच तिनं केलं. बाळाला अजून एका दुपट्यात गुंडाळलं, कुंची घातली, शेगडी जवळ ओढली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या.

"वारं लागलंय ह्याला. खरं सांग, खिडकी कुणी उघडली व्हती?"

बोलली आणि तिचीच तिला भीती वाटली. आवाज हुबेहूब सासूचा होता.

"कुठनं उघडू?" सुधारानी म्हणाली. "खिळे मारल्यास तू. आल्यापासनं वारं आलंच न्हाई इथं, अव्वा. मग लागलं कुठनं?"

सुधारानी उठली. कानाचं फडकं काढून फेकलं, बाळाची कुंची काढली, दोन्ही दुपटी सोडली, जुन्या लुगड्याच्या पातळ तुकड्यात त्याला घेतलं.

"सर दारातनं."

"अगं, एवढ्या उन्हात बारा दिवसांचं लेकरू भाईर काढायलीस?"

"भाईर ऊन कमी हाय, अव्वा."

मल्लम्मा दारात आडवी उभी राहिली. लेकीला धक्का मारता येत होता, पण तिनं मारला नाही. नुसतं आईच्या तोंडाकडं बघत राहिली. शेवटी लिंबाखालून चनमल्लप्पाच उठून आला. आयुष्यात बायकोपुढं आवाज न चढवलेला माणूस म्हणाला, "सरक गं. रिक्षा बोलावलीय मी." मल्लम्मा सरकली, आणि चपला न घालताच त्यांच्यामागं रिक्षात बसली.

हुमनाबादच्या दवाखान्यात नर्सनं बाळाचा ताप बघितला आणि कन्नडमध्ये तिघांनाही फैलावर घेतलं. याला गारठा लागलेला नाही, उकाडा लागलाय. आईच्या पोटात पाणी नाही, तर दूध कुठून येणार? बाळाला पंख्याखाली उघडं ठेवलं, सलाईन लावलं. सुधारानी एका दमात तांब्याभर पाणी प्यायली, परत मागून परत प्यायली. मल्लम्मा ते मोजत होती, सवयच ती. दीडच्या सुमाराला बाळानं चादर ओली केली आणि सुधारानी हसता हसता रडायला लागली. चनमल्लप्पा खिडकीतून बाहेर बघत नाक शिंकरत राहिला.

मल्लम्मा नर्सच्या मागं मागं दारापर्यंत गेली.

"बाई, एक विचारू? समजा असंच कोंडलेल्या खोलीतलं लेकरू हाय. अन् त्याच्या आईनं घटकाभर खिडकी उघडली. तर त्यानं मरतं का ते?"

"खिडकी उघडल्यानं कोण मरतंय, आजी? तेवढीच हवा मिळाली म्हणायची. रोज उघडली असती तर तापलंच नसतं." नर्सला दुसरीकडं जायचं होतं. ती गेली.

मल्लम्मा व्हरांड्यातल्या बाकावर बसली. चौतीस वर्षांचा दोष एका वाक्यात फिटला होता. तिला हलकं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं घरं यायला लागली, एकापाठोपाठ एक, तिनं बंद करवून घेतलेली. त्यांतली सगळीच लेकरं जगली नव्हती. दोन घरांत तर तिनं स्वतः, मेलेल्या लेकराच्या आईला, विचारलं होतं: खिडकी कुणी उघडली होती? एकीनं पाय धरून शपथ घेतली होती की नाही हो, नाही उघडली. मल्लम्मानं विश्वास ठेवला नव्हता. आणि ती एकदम उभी राहिली. महादेवीची सून! आठ दिवसांची बाळंतीण. त्या खिडकीला परवाच तिनं समोर उभं राहून खिळे मारून घेतले होते.

"अवं, रिक्षा बघा. गावात जायचंय," ती आत येऊन नवऱ्याला म्हणाली.

"आत्ता? दोन वाजल्यात, वर बघ की जरा."

"व्हय, म्हणूनच."

महादेवीचं घर गावात मल्लम्माच्या घरामागच्याच गल्लीत; रिक्षा तिथंच थांबली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मल्लम्मानं कडी वाजवली.

"महादेवी, दार उघड. मी मल्लम्मा. सुनंची खिडकी उघडायची हाय."

आतून दाराला तोंड लावून महादेवी म्हणाली, "अक्का, तुम्हीच बजावून गेलाव न्हवं? ऊन उतरल्याबिगर कुणी बी आलं तरी दार उघडायचं न्हाई, बाळंतीण रडली तरी न्हाई."

"चुकलं माझं. उघड."

"तुमच्या सुधाचं बाळ दवाखान्यात नेलंय म्हणं. तिकडचं वारं अंगावर घेऊन आलाव तुम्ही. राग मानू नगा. सांजच्याला आंघोळ करून या."

"महादेवी, माझं ऐक गं."

"तुमचंच ऐकायलेय, अक्का."

पावलं आत गेली. मल्लम्मा उघड्या पायानं घराला वळसा घालून मागं गेली. माती इतकी तापलेली की एका जागी पाय ठरत नव्हता. खिडकीच्या फळ्या तिनं दोन्ही हातांनी ओढून बघितल्या. खिळे पक्के होते. आत लेकरू बारीक आवाजात रडत होतं, मग थांबलं.

तिनं दगड उचलला. तिसऱ्या घावाला फळी तुटली, गोणपाट आत पडलं, आणि कोंडलेली धुरी भसकन तिच्या तोंडावर आली. पलीकडून महादेवी ओरडत धावत येत होती. काळोखातून सुनेचा आवाज आला, "कोण हाय? जरा पाणी द्या की."

मल्लम्माच्या हातात दगडाशिवाय काही नव्हतं. तो टाकून ती पाण्यासाठी आपल्या घराकडं पळत सुटली.