उतरलेल्या सेलवरचा आवाज

सोफाकाकांच्या दुकानात सोफे भरपूर, पण बसायची सोय नाही. कुणाच्या स्प्रिंगा बाहेर, कुणाचा फोम गायब. या पसाऱ्यात स्टेपलर चालवणारा टकलू माणूस एके काळी बँडमध्ये गात होता, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक होतं. ती सांगत फिरत नसे.

बँडचं नाव ‘फ्रिजमधला दिवा’. माणसं दोन. काका गिटार वाजवत आणि गात. थोरली बहीण लोखंडी ट्रंक बडवत असे, कारण घरात ड्रम नव्हता, ट्रंक होती. गाणी हरवलेल्या मोज्यावर, करकरणाऱ्या जिन्यावर, आणि दार लावल्यावर फ्रिजमधला दिवा काय करत असेल यावर. वडिलांच्या याच दुकानात, फोमच्या धुळीत, एक कॅसेट भरली, ओळखीच्यांत वाटली आणि विषय संपला. काका सोफ्यांत अडकले, ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवू लागली.

मग ताईच्या मुलीने ती कॅसेट इंटरनेटवर टाकली. गाणी भरली तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरं ती पुन्हा पुन्हा ऐकू लागली. आजच्या गाण्यांत सगळं घासूनपुसून लख्ख असतं. इथे ट्रंकेची कडी खुळखुळते आणि दिव्याच्या गाण्यात सगळं थांबतं तिथे कुणीतरी चक्क शिंकतं. ही शिंक चाहत्यांना शब्दांइतकीच पाठ. एका छोट्या सभागृहाने दोघांना बोलावलं. काकांनी उत्साहाने हो म्हटलं आणि दुकानातल्या पहिल्याच तालमीत अडकले.

“मामा, कॅसेटवर आवाज किती वर जातो तुझा!” भाची म्हणाली.

“मी एवढा वर कधी गेलोच नव्हतो.”

भानगड साधी होती. त्या दिवशी टेपरेकॉर्डरचे सेल उतरले होते. कॅसेटची फीत हळू फिरत असताना गाणी भरली गेली. चांगल्या मशीनवर लावली की ती पळत आणि आवाज चढे. तेव्हा दोघांना त्याची गंमत वाटली होती.

“लोक त्या आवाजासाठी येणार,” काका म्हणाले, “आणि समोर हा भोंगा. हसतील मला.”

“मग चढव की!” भाची म्हणाली.

काकांनी चढवला. बायको आतून धावत आली. “काय झालं? पिन घुसली का बोटात?”

ताई ट्रंकेवर डोकं टेकून हसत सुटली. “अरे, पहिल्या गिअरची गाडी तू. तुझ्या वेगाने जाऊ.”

“फसवल्यासारखं वाटेल लोकांना.”

“सांगून टाक ना सेलचं. खून केल्यासारखा काय बसलास?”

सभागृह भरलं. बऱ्याच पोरांनी मोज्याच्या गाण्याला मान देत दोन पायांत दोन रंगांचे मोजे घातले होते. काका माइकशी गेले. “कॅसेटवरचा आवाज माझा नाही. सेल उतरले होते. माझा हा असा आहे.”

दिव्याचं गाणं खालून, सावकाश सुरू झालं. सोबत गाणारी पोरं कॅसेटच्या वेगाने पुढे पळाली आणि गप्प झाली. मागून कुणीतरी ओरडलं, “काका, सेल बदला!” हशा पिकला. काकांचे कान लाल झाले, पण ट्रंकेचा ठेका जराही हलला नाही, म्हणून तेही थांबले नाहीत. दुसऱ्या कडव्यात एक ओळ होती, ‘दिव्याला तरी कोण विचारतं, झोपायचंय का तुला’. कॅसेटवर ती कुणालाच धड कळली नव्हती. आता ती कळली आणि लोक हसले.

मग थांबायची जागा आली. कॅसेटवर ती चटकन संपते. काकांच्या वेगात ती चांगलीच लांब होती. त्यांनी तारांवरून हात उचलला आणि वाट पाहिली.

अख्खं सभागृह एकदम शिंकलं. जाड, लांबलचक, काकांच्याच वेगात.

शेवटचं कडवं सगळ्यांनी मिळून म्हटलं. पुढे कुणी पळालं नाही.

बायको दाराजवळच्या खुर्चीत होती. कॅसेटवर शिंकली होती ती हीच. तेव्हा ती ताईची नुसती मैत्रीण होती.

“ही खरी,” शेजारच्या पोराला ती म्हणाली. “कॅसेटवर अगदी मांजरीची वाटायची माझी शिंक.”