कुडपणात उघडतं का?

“तुमच्या फोनवर सगळंच उघडतं हो. कुडपणात उघडतं का ते सांगा.” सर एका गिऱ्हाइकाला सांगत होते आणि मी काम मागायला दारात उभी होते.

चवदार तळ्यामागच्या गल्लीत त्यांचं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस होतं. पाठीमागे सगळे त्यांना ‘कुडपण सर’ म्हणत. कुठलंही पान तयार झालं की ते खणातून तडा गेलेला जुना फोन काढत. तसाच फोन डोंगरातल्या कुडपण गावी त्यांच्या आईकडे होता. त्यातला ब्राउझर आता अपडेट होत नाही. त्यावर पान उघडेपर्यंत काम संपलं असं कुणी म्हणायचं नाही.

मी कमी बोलते. मराठीत तर शाळेपासून अडखळते. सरांनी कधी टोकलं नाही. जावास्क्रिप्टच्या क्लासमधल्या मेथड्सना मी हॅशचं चिन्ह लावून प्रायव्हेट केलं, तेव्हा मात्र हसले. “कोडही तुझ्यासारखाच, आतलं बाहेर येऊ देत नाही. चांगलं आहे. पण जुन्या ब्राउझरला हे चिन्ह कळत नाही. तो तिथेच अडतो आणि पान कोरं.”

घाटरस्ते चालू की बंद हे सांगणारं पान सरांचं लाडकं. पोलादपूरच्या वरच्या गावांत पावसाळ्यात फोन धड लागत नाही, पान मात्र सावकाश उघडतं. ते बघूनच माणसं खाली उतरत. गेल्या जुलैत सर दवाखान्यात असताना मी ते नव्याने लिहिलं, माझ्या पद्धतीने, तेच हॅश लावून.

“जुन्या फोनवर बघितलंस ना?” त्यांनी खाटेवरून विचारलं. मी ‘हो’ म्हणून मान हलवली. फोन खणातच होता.

त्याच आठवड्यात दरड कोसळली. दोन दिवसांनी सकाळी रस्ता मोकळा झाला, पानावर तशी नोंद मीच केली. सर दिवसभर दाराकडे बघत होते. आई आल्या नाहीत. संध्याकाळी सर गेले.

बाराव्याला मी कुडपणला गेले. आई ओटीवर बसल्या होत्या, फोन मांडीवर.

“त्या दिवशी सकाळपासून बघत होते गो. कोरंच दिसं. म्हटलं, रस्ता अजून बंदच हाय.” काचेवरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, “माझाच फोन जुना. तो नवा देत होता, मीच नाय म्हटलं.”

घरातल्या बायका बघत होत्या. मी आईंजवळ खाली बसले.

“आई, फोन चांगला आहे. चूक माझी आहे. सरांनी विचारलं होतं, आणि मी न बघता मान हलवली.”