मोठी चाकं

आमच्या गल्लीत तिला सगळे पंक्चरमावशी म्हणतात. माझी मात्र ती खरीखुरी मावशी, आईची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर तिनं टायरचं दुकान बंद केलं नाही, स्वतः पाना हातात घेतला. तेव्हा नाकं मुरडणारे आज तिच्याच दारात गाड्या लावतात. शेजारी माझं बॅटरीचं दुकान आहे, त्यामुळे तिच्या शिव्या मला फुकटात ऐकायला मिळतात.

मोठी चाकं बसवायला कुणी आलं की तिचं डोकं फिरायचं. "गाडी बनवणाऱ्यांनी माप काय झोपेत ठरवलं का?" मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणजे काटा कमी वेग दाखवतो आणि गाडी प्रत्यक्षात जोरात पळत असते. ब्रेकवरचा ताणही वाढतो. एवढं ऐकूनही गिऱ्हाईक हटून बसलंच, तर ती बसवून द्यायची, पण गाडी लगेच सोडायची नाही. जॅकवरून उतरवली की आम्हा सगळ्यांना आत कोंबायची आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पुरतं वळवून बघायची. रिकाम्या गाडीत मोकळं फिरणारं चाक, माणसं बसून गाडी दबली की आत कुठेतरी घासू शकतं. या कामाला मला खास बोलावणं असायचं. माझ्या पोटाचा जगाला झालेला उपयोग तेवढाच.

तिचा मुलगा ऑफिसात चिकटला, म्हणून आम्ही त्याला साहेब म्हणतो. साहेबानं आईला न विचारता लग्न केलं आणि मावशीनं अबोला धरला. सुनेशी तर ती एक अक्षर बोलली नव्हती. सुनेला दिवस गेलेत हेही तिला माझ्याकडून कळलं. मग एके सकाळी साहेब आपणहून दुकानात आला. डिकीत रुंद, मोठी, कोरी चाकं.

"आई, बसवून देतेस?"

मावशीनं मापाचा विषयही न काढता जॅक ओढला. मी बघतच राहिलो. चाकं चढवता चढवता ती विचारत होती, तू वेळेवर जेवतोस ना, तिला धाप लागते का, डॉक्टर काय म्हणाले. गाडी जॅकवर असतानाच तिनं चाक हातानं फिरवून पाहिलं. "येतो गं," म्हणून साहेब निघाला. बायकोला आणि सासू-सासऱ्यांना घेऊन त्याला डोंगरापलीकडे जायचं होतं.

जुनी चाकं भिंतीला लावताना मावशी एकदम थांबली. 

"माणसं बसवली नाहीत रे मी."

"असू दे की. घासलं तर आवाज येईलच."

"अरे मूर्खा, त्याच्या गाडीत चाकाला अगदी लागून ब्रेकचा रबरी पाइप आहे! भरल्या गाडीत प्रत्येक वळणावर टायर तो सोलत जाईल. आणि पलीकडे सगळा उतार."

तिनं फोन लावला. साहेबाचा आवाज मलाही ऐकू आला. "आई, पुन्हा सुरू झालं तुझं? तरीच म्हटलं, आज एवढी गोड कशी!" फोन कापला. नंतर त्यानं तो उचललाच नाही.

मी दुकानाचा टेम्पो काढला. असा टेम्पो मी जन्मात हाणला नव्हता, आणि तरीही मावशी "दाब की" म्हणून ओरडत होती. घाट लागला तेव्हा तिनं विचारलं, "तिचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"कुणाचा?"

"सुनेचा रे!"

मी माझा फोन तिच्या हातात दिला. सुनेनं उचलला.

"मी बोलतेय. त्याची आई. काही विचारू नकोस बाळा, उतार लागायच्या आत गाडी थांबव. पोटात दुखतंय म्हण, काहीही म्हण."

"बरं," एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद. तिनं मनावर घेतलं की टाळलं, काही कळेना. पुढच्या प्रत्येक वळणावर मी आधी दरीकडे बघत होतो. मला भीती वाटत होती, उगाच कशाला लपवू?

माथ्यावर, उतार सुरू होतो तिथेच, गाडी कडेला उभी दिसली. साहेब तावातावानं पुढे आला. "तिला खोटं बोलायला लावलंस? या अवस्थेत?"

मावशीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याला स्टेअरिंग पुरतं वळवायला लावून ती रस्त्यावर आडवी झाली आणि चाकामागे टॉर्च मारला. पाइपाचं वरचं रबर सोलून निघालं होतं, आणि त्यातून ब्रेकचं तेल पाझरत होतं. साहेब वाकला, त्यानं ते पाहिलं, आणि तो तिथेच रस्त्यावर तिच्याशेजारी बसला.

"आई, मी तुझा फोन कापला."

"चाक मी बसवलं. चूक माझी आहे." गाडीची किल्ली काढून तिनं माझ्याकडे दिली. "ही आता ओढूनच न्यायची." मग ती सुनेकडे वळली. "मी तुला कधी साधी हाक मारली नाही. तरी माझं ऐकलंस?"

"तुमचा आवाज कापत होता, आई," सून म्हणाली. "हे सांगतात, तुम्ही कशालाच घाबरत नाही."

मावशीचे हात काळेकुट्ट झाले होते, म्हणून ती ते मागे घेत होती. सुनेनं ते तसेच धरले. मग मावशी रडली, भर रस्त्यात, व्याह्यांच्या देखत, अगदी मोठ्यानं.